लॅपटॉपवर टाकलेलं ओलं गोणपाट

आमच्या घरात आलेला पहिला लॅपटॉप साडेचार किलोचा होता. मी तो फुलांच्या काट्यावर तोलून पाहिला होता, म्हणून सांगते. सुनेनं तो मुंबईहून आलेल्या जुन्या मालातून घेतला. मांडीवर ठेवायचं मशीन म्हणून विकलेलं, पण मांडीवर घेतलं की पाच मिनिटांत साडीतून चटका बसायचा. आतला पंखा एवढा ओरडायचा की शेजारच्या खोलीतला रेडिओ ऐकू यायचा नाही.

ही दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. आमचा मळा मखमलाबादच्या बाजूला, दोन एकर. गुलाब, मोगरा, दसऱ्याला झेंडू. मालकांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मुलगा टेम्पो चालवायचा, आमची आणि आजूबाजूच्यांची फुलं बाजारात न्यायचा. सून नाशिकमधल्या एका क्लासात मुलांना कॉम्प्युटर शिकवायची आणि घरी बाहेरच्या खोलीत लोकांची मशीनं दुरुस्त करायची. त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. स्क्रू पायात घुसायचे. मी खूप बोलायचे. ती ऐकून घ्यायची आणि परत तसंच करायची.

लॅपटॉप आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं तो उलटा करून उघडला आणि मला हाक मारली.

"आई, हे बघा. फसले मी."

पंख्याखालचा तांब्याचा ठोकळा काढून तिनं एक चौकोनी चिप दाखवली. वर पत्र्याचं झाकण होतं.

"हा लॅपटॉपचा प्रोसेसर नाहीच. टेबलावरच्या मोठ्या मशीनमध्ये असतो ना, तो आहे. स्वस्तात पडतो म्हणून हाच कोंबलाय."

"चालतंय ना पण?"

"चालतं. पण याला वीज लागते ढीगभर. बॅटरी अर्धा तास पण टिकायची नाही. आणि तापतंय किती ते तुम्ही बघताच."

गंमत अशी की त्याच खोलीत, टेबलावर, तिनं नेमकं याच्या उलटं करून ठेवलेलं होतं. लाकडी फळीवर एक मोठं मशीन उघडंच मांडलेलं होतं, डबा नाही, काही नाही. त्यात तिनं भंगारातून आणलेला लॅपटॉपचा प्रोसेसर बसवला होता. त्याच्या पिना मोठ्या मशीनच्या भोकांत बरोबर बसतात, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. तो वीज कमी खातो, तापत नाही. त्या वर्षांत आमच्याकडे रोज सहा-सहा तास लोडशेडिंग असायचं, दुपारी अकरा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते नऊ. तेव्हा कमी विजेवर चालणारं मशीन हवं, हे तिच्या डोक्यात बसलं होतं.

पण ते मशीन नीट चालत नव्हतं. नीट म्हणजे, चालायचं, पण सावकाश. मोठ्या मशीनच्या बोर्डाला हा प्रोसेसर ओळखता येत नाही, म्हणून तो त्याला सगळ्यात कमी वेगावर चालवतो, असं ती सांगायची. चौदाशेवर चालायला हवं ते सहाशेवर चालतं. हे चौदाशे आणि सहाशे कशाचे, ते मी विचारलं नाही. वेग वाढवण्यासाठी तिनं तांब्याच्या वायरीची एक तार सोलून, वाकवून, दोन भोकांत घालून पाहिली होती. भोक चुकलं. धूर आला आणि चिप गेली. मग तिनं तशीच दुसरी आणली, ती सहाशेवर चालू ठेवली आणि तारेचं काम पुढं ढकललं.

मी म्हणाले, "याचं त्याला आणि त्याचं याला. तुझ्या घरात सगळंच उलटं."

ती हसली नाही. तिच्या डोक्यात कांद्याचा बाजार होता.

चांदवडच्या बाजूला हमरस्त्यालगत कांद्याचा एक लहान बाजार होता. काही व्यापाऱ्यांनी मिळून चालवलेला. शेतकरी ट्रॉली घेऊन येतो, लिलाव होतो, मग ट्रॉली काट्यावर जाते. आधी भरलेल्या ट्रॉलीचं वजन, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा उतरवून रिकाम्या ट्रॉलीचं वजन. प्रत्येक वजनाची पावती. ती पावती तिथला एक कारकून पेनानं लिहायचा. अक्षर त्याचं त्यालाच वाचता यायचं. ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची आणि तीनशे-चारशे किलोवरून रोज एकतरी भांडण व्हायचं.

सुनेनं वर्षभर घरी बसून पावत्यांचा प्रोग्राम बनवला होता. पावती मराठीत छापायची, कारण शेतकऱ्याला वाचता आली पाहिजे. त्या बाजाराचा सेक्रेटरी कडक माणूस. त्यानं तिला चार वेळा हेलपाटे घालायला लावले आणि पाचव्यांदा म्हणाला, "एक दिवस देतो. पूर्ण दिवस तुमच्या मशीननं पावत्या करा. लाइट गेली, मशीन थांबलं, पावती चुकली, असं काही झालं की पुन्हा पेनावर. मग परत माझ्याकडे यायचं नाही."

एवढ्यावर तिनं क्लासातली नोकरी सोडली. मुलगा तिच्याशी आठ दिवस नीट बोलला नाही. मीही सांगितलं होतं की आधी काम हातात येऊ दे, मग सोड. ती म्हणाली, "आई, दोन्ही धरून हे होणार नाही." म्हणजे तो एक दिवस बिघडला तर तिच्याकडे ना नोकरी, ना काम, आणि आम्ही दोघं तोंडावर बोलायला मोकळे. हे तिला चांगलं माहीत होतं.

बाजारात दहा ते दोन लाइट नसायची. आणि खरी गर्दी त्याच वेळेची. म्हणून तिचा बेत असा होता: लॅपटॉप आणि प्रिंटर टेम्पोच्या बॅटरीवर छोट्या इन्व्हर्टरनं चालवायचे. तेही इंजिन बंद ठेवून, कारण इंजिन चालू असलं की इन्व्हर्टर आपोआप बंद पडायचा. लॅपटॉप वीज खातो खरा, पण त्याचा स्क्रीन त्याच्यातच असतो, वेगळा लागत नाही. तिनं एकदा करून पाहिलं होतं. कसेबसे चार तास निघत होते. कसेबसे म्हणजे अगदी कसेबसे.

आता माझ्या चुकीवर येते.

बाजाराचा दिवस उद्यावर आला होता. एप्रिल महिना, ऊन मरणाचं. दुपारी दोनला लाइट आली तशी तिनं लॅपटॉप माझ्या खाटेजवळ स्टुलावर ठेवला आणि खोट्या पावत्यांची तपासणी चालू केली. ओळीनं तीनशे पावत्या आपोआप होणार होत्या. प्रिंटरची रिबन संपत आली होती, ती आणायला ती गावात निघाली. नाशिकला आम्ही गावच म्हणतो. जाताना म्हणाली, "आई, बंद करू नका. तासभर चालू द्या. काही वेगळं वाटलं तर यांना फोन करा, मी यांच्याच टेम्पोत आहे."

मी खाटेवर बसून मोगऱ्याच्या कळ्या निवडत होते. मशीन ओरडत होतं. थोड्या वेळानं त्याचा आवाज आणखी चढला. हात लावून पाहिला तर खालून तव्यासारखं लागलं. स्टुलाची रंगवलेली फळी वास मारायला लागली होती. मी म्हटलं, हे जळणार. उद्याचं काम याच्यावर, आणि हे माझ्या देखत जळणार.

मी आयुष्यभर एकच गोष्ट थंड ठेवत आले होते, ती म्हणजे फुलं. पहाटे काढलेला मोगरा बाजारात जाईपर्यंत टिकवायचा तर एकच रीत. गोणपाट पाण्यात बुडवायचं, घट्ट पिळायचं, खाली एक घडी, वरून एक घडी, बाजूनं खोचायचं. बर्फ लागत नाही. एप्रिलमध्येसुद्धा कळी उघडत नाही. ही रीत मला कोणी शिकवलेली आठवत नाही, आमच्यात सगळ्यांना येते.

मी गोणपाट भिजवलं. चांगलं पिळलं, पाणी टपकणार नाही इतकं. एक घडी मशीनच्या खाली सारली, दुसरी वरून टाकली, जिथून गरम हवा येत होती तिथं खोचून बसवली. दोन मिनिटांत आवाज कमी झाला. पाचव्या मिनिटाला पंखा गप्प झाला. मला बरं वाटलं. मी परत कळ्या निवडायला बसले.

थोड्या वेळानं गोणपाट उचलून पाहिलं तर स्क्रीन काळा होता.

मी बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. मग गोणपाट काढून बादलीत टाकलं आणि बसून राहिले. लपवायचा विचार आला नाही असं नाही. मशीन पुसून, कोरडं करून, आपलं आपण बंद पडलं म्हणता आलं असतं. पण ती ते उघडणार, आणि आत पाणी दिसणार. त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

ती तीन वाजता आली. मी दारातच सांगितलं, "तुझं मशीन बंद पडलं. लय तापलं होतं. मी ओलं गोणपाट टाकलं त्याच्यावर."

ती रिबनचं खोकं हातात घेऊन उभी राहिली. "कुठं टाकलं?"

"खाली आणि वर."

"आई," ती म्हणाली, "तो मोगरा नाहीये."

मागून मुलगा आला. त्याला कळल्यावर तो हसला आणि मग त्याला हसू आवरेना. "मग टिकला का मोगरा? का उमलला?"

"तू गप," मी म्हणाले.

तिनं लॅपटॉप उलटा करून उघडला. खालची हवेची जाळी गोणपाटाच्या सुतळीच्या तुसांनी भरली होती आणि आतल्या हिरव्या पाटीवर पाणी होतं. ते मशीन खालून हवा ओढतं आणि मागून सोडतं, हे मला तेव्हा कळलं. मी दोन्ही तोंडं बंद केली होती, आणि खालच्या तोंडानं हवेऐवजी पाणी ओढलं होतं. तिनं आतलं पाणी फडक्यानं टिपलं, पंख्यासमोर ठेवलं, अर्ध्या तासानं परत बटण दाबलं. काही झालं नाही. ती मला एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर मीही ओरडले असते आणि मोकळी झाले असते. ती गप्प होती म्हणून मला जागेवरून हलता येईना.

चार वाजले. सहाला लाइट जाणार.

"साधं मोठं मशीन घेऊन जा," मुलगा म्हणाला. "क्लासवाल्याकडून माग."

"साधं मशीन तुमच्या बॅटरीवर पाऊण तास चालेल. पुढचे सव्वातीन तास काय करू?"

"दुसरी बॅटरी?"

"कोण देतंय? कांद्याचे दिवस आहेत, सगळ्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर आहेत."

मग तिघांचंही लक्ष फळीवरच्या उघड्या मशीनकडे गेलं. तिनं सुई-दोऱ्याच्या डब्यातून चिमटा काढला, वायर सोलली आणि त्यातून एक केसाएवढी तार ओढली. पुन्हा ती तार वाकवायला लागली. याआधी असाच धूर निघाला होता आणि आता घरात तसली दुसरी चिप नव्हती.

मी विचारलं, "हे कशाला?"

"वेग वाढवायला. सहाशेवर आहे ते."

"सहाशेवर पावती निघत नाय का?"

"निघते हो. पण सावकाश."

"तो तुझा प्रिंटर काय पळतो का? एक पावती काढायला करकर करत बसतो. मशीनला कुठं जायची घाई आहे?"

मी काही शहाणपणानं बोलले नव्हते. मला तिच्या हातातली ती तार बघवत नव्हती, एवढंच. ती चिडून म्हणाली, "तुम्हाला कळत नसेल तर बोलू नका आई." मग तार भोकाजवळ नेली आणि तशीच थांबली. नंतर तिनं तार टेबलावर ठेवली, त्या मशीनवर प्रोग्राम चढवला आणि एक पावती काढली. मग दुसरी. घड्याळ लावून पाहिलं. लॅपटॉपवर लागायचा तेवढाच वेळ लागला, दोन-चार सेकंद इकडेतिकडे. मराठी अक्षरं छापायला प्रिंटरलाच एवढा वेळ लागत होता की मशीन कितीही पळालं तरी त्याच्यापाशी येऊन थांबणार होतं.

"असंच नेते," ती म्हणाली. "सहाशेवर."

सहाला लाइट गेली तेव्हा अंगणात टेम्पोच्या बॅटरीवर ते मशीन, प्रिंटर आणि काचेचा मोठा स्क्रीन जोडून पाहिला. चाललं. पण अर्ध्या तासानंतर मुलानं वायर काढली. "पुरे. बॅटरी उतरली तर सकाळी टेम्पो ढकलत नेणार का चांदवडपर्यंत?" त्यामुळे चार तास निघतात की नाही, ते कोणालाच कळलं नाही.

सकाळी मी सांगून टाकलं की मीही येते. तिनं नको म्हटलं नाही, या पण म्हटलं नाही. फळी माझ्या मांडीवर घेऊन मी टेम्पोत बसले. खड्डा आला की हातानं उचलून धरायचे.

काट्याची खोली लहान, वर पत्रा. एका बाजूला मोठा काटा, खिडकीबाहेर ट्रॉल्या. जुना कारकून आपलं पावतीपुस्तक उघडून, पेन काढून शेजारीच खुर्ची टाकून बसला होता. सेक्रेटरीनं त्याला तसं सांगितलंच होतं. फळीवरचं उघडं मशीन बघून तो म्हणाला, "मॅडम, मशीनला कपडे घालायचे राहिले का?"

सून वायरी जोडत होती. मी म्हणाले, "उकडतंय त्याला."

"माझ्या पेनाला लाइट लागत नाही हं, मावशी."

"शाई लागते ना?"

तो हसला, पण पुस्तक मिटलं नाही.

नऊ ते दहा लाइटवर चाललं. दहाला लाइट गेली, सुनेनं वायर इन्व्हर्टरवर घेतली. मुलगा बाहेर टेम्पोपाशी उभा. काट्यावरचा माणूस वजन ओरडायचा, "भरलेलं, तीन हजार आठशे चाळीस!" ती आकडे दाबायची, प्रिंटर करकर करायचा, पावती फाडून खिडकीतून शेतकऱ्याला. खालची कार्बनची प्रत आमच्याकडे. एका ट्रॉलीला एक मिनिट लागत होतं. कारकुनाला दोन लागायची. रांग पुढं सरकत होती. साडेअकराला मी मनात म्हटलं, होतंय.

पावणेबाराला इन्व्हर्टर वाजायला लागला. टीं, टीं, टीं.

सगळ्यांनी ऐकलं. कारकुनानं पेनाचं टोपण काढलं.

"किती राहिलं?" मुलानं खिडकीतून विचारलं.

"अजून सव्वादोन तास," सून म्हणाली. तिनं एकदा मशीनकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. तो काचेचा मोठा स्क्रीन मशीनपेक्षाही जास्त वीज खात होता. मशीनला एवढंसं लागत होतं, प्रिंटरला छापतानाच तेवढं. तिनं हात पुढे केला आणि स्क्रीनचं बटण बंद केलं.

वाजणं थांबलं.

"आता दिसणार कसं तुला?" मी विचारलं.

"नाही दिसणार. आकडे पाठ आहेत मला, बटणं पाठ आहेत. तुम्ही कार्बन वाचा. काट्यावर जो आकडा ओरडतील तोच छापलाय का, एवढंच बघा. मोठ्यानं वाचा."

आदल्या दुपारनंतर ती माझ्याशी एवढं पहिल्यांदाच बोलली.

माझी चौथी झाली आहे. मराठी आकडा मला वाचता येतो. मी तिच्या शेजारी उभी राहिले. बाहेरून आकडा यायचा, ती काळ्या स्क्रीनसमोर बसून दाबायची, पावती बाहेर यायची, मी वाचायचे: "भरलेलं, चार हजार एकशे दहा." बाहेरून, "बरोबर." पुढची. गाव मी मनातच वाचायचे. सायखेडा, वडाळीभोई, नामपूर. तिच्या मानेवरून घाम गळत होता, पुसायला हात मोकळा नव्हता. मी माझ्या पदरानं पुसला, तिनं मान झटकली.

अशा ऐंशी एक पावत्या झाल्या असतील. माझे डोळे दुखायला लागले. मग एकदा दोन ट्रॉल्या एकाच वेळी काट्याशी आल्या, दोघांची बाचाबाची झाली, त्या गोंधळात एक पावती मी न वाचताच खिडकीतून गेली. ती ट्रॉली पुढे गेली. नंतर कार्बन हातात घेऊन वाचला. चार हजार सहाशे वीस. मला आठवत होतं की ओरडलेला आकडा चार हजार दोनशे साठ होता. मी काट्याच्या माणसाला हळूच विचारलं. त्यानं खडूनं पाटीवर टिपलेलं होतं. चार हजार दोनशे साठ.

कारकुनाचं लक्ष बाहेरच्या बाचाबाचीकडे होतं. त्यानं पाहिलं नव्हतं. मी गप्प बसले असते तर त्या वेळी कोणालाच कळलं नसतं. पण साडेतीन क्विंटल कांदा काही खिशात लपत नाही. संध्याकाळी व्यापारी आपल्या खळ्यावरचा कांदा मोजणार आणि बोंब होणार, आणि मग एक नाही, सगळ्या पावत्या खोट्या ठरणार. मी वाकून तिच्या कानात सांगितलं.

तिची बोटं थांबली नाहीत. चालू पावती पूर्ण करून, फाडून, खिडकीत देऊन ती म्हणाली, "परत आणा ती. पळा."

पळणं माझ्याच्यानं होत नव्हतं. भरभर चालत गेले. भर उन्हात पन्नास ट्रॉल्या, सगळ्या सारख्या. नामपूरकडचा माणूस, निळी टोपी, एवढंच मला माहीत. तो एका खळ्यापाशी सापडला, कांदा उतरवायला लागलाच होता. मी पावती मागितली.

"काबर?" तो म्हणाला. "मशीननी दिधी शे ना? आते काबर मांगस व माय?" मशीननं दिली, आता परत का मागतेस, असं.

"चुकली हाय. तीनशे साठ किलो जास्त पडलंय तुझ्या नावावर."

"मंग ऱ्हाऊ दे ना," आणि तो शेजारच्याकडे बघून हसला.

"ऱ्हाऊ देते. रिकामी ट्रॉली काट्यावर नेशील तेव्हा व्यापारी संगं येईल. त्याला तूच सांग, तुझ्या ट्रॉलीत कांदा उडून गेला म्हणून. पुढच्या वेळी तुझी ट्रॉली कोण घेतंय बघ."

त्यानं हातातला कांदा परत ट्रॉलीत टाकला. मग खिशातून पावती काढली आणि स्वतःच माझ्याबरोबर काट्यापाशी आला. मला ते नको होतं. तो येताना मोठ्यानं बोलत आला की मशीन खोटं वजन देतं. रांगेतल्या दहा जणांनी ऐकलं, आणि कारकुनानं तर ऐकलंच.

"चुकली!" तो उभा राहिला. "साहेबांना बोलवा रे. चुकली."

सेक्रेटरी आला. तोपर्यंत सून एक मिनिट थांबली नव्हती, तीन ट्रॉल्या पुढे गेल्या होत्या. सेक्रेटरीनं पावती आणि तिचा कार्बन बघितला, पाटीवरचा खडू बघितला.

"मॅडम, काय ठरलं होतं आपलं?"

"पावती चुकली की पेनावर," ती म्हणाली. बसल्या जागेवरूनच.

"मग?"

"चुकली. मीच चुकीचं दाबलं. स्क्रीन बंद आहे, बॅटरी पुरत नव्हती. मशीननं मी दाबलं तेच छापलं." मग तिनं मान वर केली. "पण चूक पकडून परत आणली आहे. तुम्ही आत्ता थांबवणार असाल तर थांबवा. फक्त ही रांग बघून थांबवा."

सेक्रेटरीनं खिडकीतून पाहिलं. त्या वेळी रांग काट्यापासून चिंचेच्या झाडापर्यंत होती. रोज ती हमरस्त्यावर गेलेली असायची.

"पकडली कोणी?"

"सासूबाईंनी."

"मग मशीन कशाला," कारकून म्हणाला, "सासूच ठेवा कामाला."

दोघं-तिघं हसले. सेक्रेटरी हसला नाही. त्यानं कारकुनाचं पुस्तक उघडून चार पानं उलटली. कुठेतरी थांबला, काहीतरी वाचायचा प्रयत्न केला, पुस्तक मिटलं.

"आजचा दिवस पूर्ण करा," तो म्हणाला. "हा दिवस मी धरत नाही. उद्या परत दाखवा, स्क्रीन चालू ठेवून. उद्या एक चुकली तर मात्र बोलायला येऊ नका."

"येणार नाही," ती म्हणाली आणि पुढच्या ट्रॉलीचा आकडा विचारला.

दोनला लाइट आली तेव्हा बॅटरीत इतकं कमी उरलं होतं की टेम्पो चालू करायला सहा हमालांनी ढकलला.

येताना वाटेत तिनं मुलाला गावात थांबायला लावलं आणि मंडपवाल्याकडून दोन मोठ्या बॅटऱ्या दिवसाच्या भाड्यानं घेतल्या. आदल्या दिवशी आमच्या डोक्यात ट्रॅक्टरवाल्यांच्याच बॅटऱ्या होत्या, मंडपवाल्याकडे जायचं कोणाला सुचलंच नव्हतं. मी म्हणाले, "उद्या मी पण येते. वाचायला."

"नको आई. स्क्रीन चालू असला की मला दिसतं."

मी परत विचारलं नाही. गाडीत जागा मोकळी राहिली तर बॅटरीला बरी, हेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी ते दोघंच गेले. मी मोगरा काढला, भिजवलेल्या गोणपाटात बांधून शेजारच्याच्या टेम्पोत दिला, दुपारी स्वयंपाक केला. कोणाचा फोन आला नाही. पाच वाजता टेम्पो अंगणात आला. मुलानं खाली उतरून बॅटऱ्या काढल्या. सून आत आली, पाय न धुता माझ्यासमोर बसली आणि कार्बनच्या पावत्यांचा गठ्ठा माझ्या मांडीवर टाकला. त्याच्यावर काट्याच्या माणसाची वही होती, दिवसभराचे आकडे पेन्सिलीनं लिहिलेली. ती वही तिनं मागून आणली होती.

"काय म्हणाले सेक्रेटरी?"

"काही नाही. आज काही चुकलं असेल तर उद्या व्यापारी सांगतील, म्हणाले. तोपर्यंत मला थांबायचं नाही. वाचा."

"सगळ्या?"

"सगळ्या."

लाइट जायला तास होता. मी खिडकीशी बसले. एक आकडा वहीतला, एक पावतीवरचा. ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. मध्ये मुलानं काहीतरी विचारलं, तिनं हातानंच त्याला गप्प केलं. एकशे नव्वद पावत्या होत्या. शेवटची खाली ठेवली आणि चष्मा काढला.

"किती?" तिनं विचारलं.

"एक पण नाय."

तिनं गठ्ठा उचलून नीट ठोकून सरळ केला आणि परत माझ्या मांडीवर ठेवला.

"परत एकदा वाचा," ती म्हणाली.

मी चष्मा लावला आणि पहिल्या पावतीपासून परत वाचायला लागले.